खिडकीला साक्षीदार हवा

कापडाला पडलेलं भोक असं बुजवायचं की ज्याच्या कोटाला ते पडलं त्यालाही पुन्हा सापडू नये, एवढं एकच काम रफूताईंना येत होतं. पण ते असं येत होतं की शहरातल्या तीन लाँड्र्या आपली अवघड गिऱ्हाइकं डोळे मिटून त्यांच्याकडे पाठवायच्या. ठिणगी पडलेली पँट, उंदराने कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून टरकलेला कोट. लाँड्रीचा माणूस आठवड्यातून दोनदा गाठोडं जिन्याखाली ठेवायचा, घंटी वाजवायचा आणि त्या दोन मजले उतरून येईपर्यंत सायकलवर टांग मारून गेलेलाही असायचा.

वर त्यांची एकच मोठी खोली, मागे स्वयंपाकघर. उत्तरेच्या भिंतीत रुंद खिडकी, खिडकीला चिकटून टेबल, टेबलावर सुया, भिंग आणि लाकडी चौकट. कोटाच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे उसवून काढायचे, भोकाच्या एका बाजूने उभे ओवायचे, मग आडवे, एक वर एक खाली. हे सगळं दिवसाच्या उजेडात. दिव्याखाली काळा आणि गडद निळा भाऊ-भाऊ दिसतात आणि सकाळी उन्हात गेले की एकमेकांची ओळख देत नाहीत, असं त्या म्हणायच्या. म्हणायच्या म्हणजे स्वतःशीच. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं. त्यांच्या चौतिसाव्या वर्षी नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. आता त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या.

खिडकीबाहेर एक मोकळी जागा होती. रानटी झुडपं, फुटकी कौलं, कोणीतरी टाकून दिलेली पाण्याची टाकी. त्या जागेच्या पलीकडे एक छापखाना. जागा कोणाची हे रफूताईंनी कधी विचारलं नाही. तिच्यावरून उजेड यायचा, तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

एका सकाळी त्या जागेत दोन माणसं टेप घेऊन उतरली. झुडपं तोडली आणि पांढऱ्या फक्कीने जमिनीवर रेघा मारल्या. एक रेघ थेट त्यांच्या भिंतीच्या बुडाशी आली. रफूताई सुई खोचून खाली उतरल्या.

"काय बांधताय?"

"छापखाना वाढतोय," टेपवाला म्हणाला. "मालकांनी जागा घेतली ना. तीन मजले."

रफूताई चपला घालून तशाच छापखान्यात गेल्या. पंधरा वर्षं समोर असलेलं ते दार त्या पहिल्यांदाच ओलांडत होत्या. छापखानेवाले साठीकडे झुकलेले गृहस्थ होते. शाईने माखलेली बोटं चिंधीला पुसत त्यांनी खुर्ची पुढे केली.

"तुमची भिंत माझ्या खिडकीपासून किती लांब येणार?" रफूताई उभ्या-उभ्याच म्हणाल्या.

"नियमाने सोडायला लागतं तेवढं. तीन फूट."

"मग माझ्या खोलीत अंधार होईल."

"दिवा लावा की."

"माझं काम दिव्याखाली होत नाही. रंग कळत नाहीत."

ते थोडे अडखळले. माणूस उर्मट नव्हता. "हे बघा ताई, उजेड तुमच्या खिडकीत येतो हे खरं. पण येतो माझ्या जागेवरून. जागा मी रीतसर घेतली आहे. तुमच्या घराच्या एका विटेला मी हात लावत नाही."

"वरचे मजले चार पावलं मागे घ्या. आणि माझ्या बाजूची भिंत पांढरी रंगवा. उजेड तिच्यावर आपटून आत येईल. तेवढ्यात मी भागवीन."

ते हसले, पण कुत्सितपणे नाही. "चार पावलं म्हणजे बाइंडिंगचं अख्खं टेबल गेलं. माझी मुलगी घरी परत आली आहे, कायमची. तिच्यासाठी वर बाइंडिंग काढतोय. तुमच्या खिडकीपायी तिने कुठे बसायचं?"

रफूताई परत फिरल्या. घरी येताना त्या मनाशी घोळवत राहिल्या. माणूस चोरी करत नव्हता. भिंत त्याच्या हद्दीत उभी राहणार होती, फक्त सावली हद्द ओलांडून इकडे पडणार होती. त्याच्या नकाशावर विटा होत्या, वाळू होती, मजूर किती दिवस लागतील तेही होतं, पण रफूताईंच्या टेबलावरचा अंधार कुठल्याच रकान्यात नव्हता. तो भोगणारी दुसरीच होती, मग त्याने मांडावा तरी कशाला? आणि खरं सांगायचं तर आपण मागतोय ती चार पावलं त्याच्या मुलीच्या टेबलातून जाणार, हे त्यांनी तरी कुठे मांडलं होतं?

चौथ्या दिवशी पाया खणायला सुरुवात झाली. रफूताई नगर कचेरीत गेल्या. बांधकाम परवान्यांच्या खिडकीपाशी बसलेल्या अधिकारी बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"उजेडाची नोंद नाही तुमची. पण सलग वीस वर्षं एका खिडकीतून उजेड येत असेल आणि कोणी हरकत घेतली नसेल, तर तो तुमचा हक्क होतो. आम्ही कागद करून देतो. मग समोरच्याला तुमच्या संमतीशिवाय तो अडवता येत नाही."

"तेवीस वर्षं झाली."

"पुरावा?"

"मी तिथेच बसते ना."

"तुम्ही तर म्हणणारच, ताई. दुसरं कोण सांगेल? खिडकी तेव्हापासून आहे, उघडी आहे, वापरात आहे, असं डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आणा. पंधरा दिवस काम थांबवायला सांगते. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

रफूताईंना ते फार सोपं वाटलं. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसल्या आणि या खोलीत कोण कोण येऊन गेलं ते आठवू लागल्या. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई यायच्या, त्या जाऊन आठ वर्षं झाली होती. दूधवाला उंबऱ्यावरूनच परत जायचा. एकदा नळ दुरुस्त करणारा आला होता, तो स्वयंपाकघरात. तेवीस वर्षांची मोजदाद एका हाताच्या बोटांवर संपली, तीही बोटं शिल्लक ठेवून. पेन्सिलीला टोक काढायचीसुद्धा गरज पडली नाही.

त्या लाँड्रीत गेल्या. लाँड्रीवाला ओशाळला. "तुमचं काम मी हजारात ओळखीन हो. पण खिडकी? आमच्यापैकी कोणी जिना चढलंच नाही कधी. मी कसं सांगू?"

गिऱ्हाइकांकडे जावं, तर त्यांना रफूताई नावाचं माणूस आहे हेच ठाऊक नव्हतं. काम इतकं चोख, की कोणाचा हात लागलाय हेही कळू नये.

राहता राहिला दादा.

दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ, सुतार. भिंत फोडून ती खिडकी बसवली होती त्यानेच. आणि बारा वर्षं दोघांमध्ये बोलणं नव्हतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दादाने निरोप पाठवला होता, की घर बंद कर आणि इकडे येऊन राहा, तुझ्या वहिनीला एकटीला झेपत नाही. रफूताईंनी कळवलं, की हातात काम आहे, उरकलं की येते. काम उरकलं, दुसरं आलं, आणि त्या पोहोचल्या तेव्हा आई जाऊन एक दिवस झाला होता. दादा चारचौघांत म्हणाला, "त्या खिडकीपायी आई सोडलीस तू." त्या आल्या पावली परतल्या. त्यानंतर ना पत्र, ना निरोप.

दोन तासांचा बसचा प्रवास. दादा अंगणात चौकटीवर रंधा मारत होता. केस पार पिकले होते. मान वर करून त्याने बघितलं आणि रंधा थांबवला नाही.

"काम काढूनच आली असशील."

"हो. काम काढूनच आले."

वहिनीने पाणी आणून ठेवलं. रफूताईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. लाकडाच्या सालपटांचा ढीग त्यांच्या पायापर्यंत येत होता.

"त्या खिडकीची साक्ष," दादा म्हणाला. "माझ्याकडून."

"तूच बसवलीस."

"बसवली. आणि तिच्यापायी तू काय केलंस, तेही सांगू का तिथे?"

"विचारलं तर सांग."

दादाने रंधा उलटा करून पातं निरखलं. ते अगदी ठीक होतं. शेवटी वहिनीच दारातून म्हणाली, "जाऊन या हो. खोटं थोडंच बोलायचंय?"

"किती वाजता?" दादाने विचारलं. एवढंच.

सुनावणीला तो धुतलेला शर्ट घालून आला होता. अधिकारी बाईंच्या टेबलाच्या एका बाजूला दोघं बहीण-भाऊ, मधे एक रिकामी खुर्ची सोडून. दुसऱ्या बाजूला छापखानेवाले.

"खिडकी कधी बसवली?" बाईंनी विचारलं.

"तेवीस वर्षं झाली. लाकूड एका मोडलेल्या दाराचं होतं. हिचा नवरा जाऊन दोन महिने झाले होते." दादा हातांकडे बघत बोलत होता. "ही दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. बोलायची नाही, रडायची नाही. आई म्हणाली, हिला बाहेर बघायला काहीतरी करून दे रे. म्हणून भिंत फोडली."

रफूताईंनी चमकून त्याच्याकडे बघितलं. हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. आपण शिवणकाम काढलं म्हणून दादाने खिडकी करून दिली, असंच त्या धरून चालल्या होत्या. खिडकी आधी आली होती, काम मागाहून.

"बरं. आणि तेव्हापासून आजपर्यंत ती उघडी आहे? वापरात आहे?"

दादाने शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाला, "ते मला सांगता यायचं नाही. बारा वर्षं मी हिच्या घरी गेलेलो नाही."

बाईंचं पेन थांबलं. "असं कसं? मग मधली बारा वर्षं कोण सांगणार?" त्यांनी रफूताईंकडे बघितलं. "आणखी कोणी आहे?"

"नाही," रफूताई म्हणाल्या. "कोणी नाही."

बाई कागद आवरायला लागल्या. तेवढ्यात छापखानेवाले खाकरले.

"मी सांगू का?"

"तुम्ही? तुम्ही तर समोरचे."

"समोरचाच आहे. पंधरा वर्षं समोर आहे." ते चाचरत बोलत होते. "सकाळी मी शटर वर करतो तेव्हा ताई खिडकीत बसलेल्या असतात. संध्याकाळी खाली ओढतो तेव्हा उठत असतात. मधे एकदा, चार वर्षांपूर्वी, नऊ दिवस दिसल्या नाहीत. दहाव्या दिवशी पुन्हा होत्या. एरवी खाडा नाही."

"तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध बोलताय, कळतंय ना?"

"विचारलंत म्हणून सांगितलं. दिसलं ते दिसलं. नाही कसं म्हणू?"

रफूताई टेबलाच्या कडेकडे बघत राहिल्या. ते नऊ दिवस त्यांना आठवत होते. ताप उतरत नव्हता, उठून पाणी घ्यायचं म्हणजे भिंत धरत जावं लागत होतं. आपण मेलो तरी लाँड्रीचं गाठोडं जिन्याखाली साचल्याशिवाय कोणाला पत्ता लागायचा नाही, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. आणि समोर कोणीतरी दिवस मोजत होतं.

कागद झाला, शिक्का बसला. बाहेर आल्यावर रफूताई दादाला म्हणाल्या, "घरी येतोस? खिडकी बघ तरी. चौकट अजून हललेली नाही."

"बस चुकेल," दादा म्हणाला. दोन पावलं गेला, वळला. "पावसाळ्यात फुगते का?"

"डावीकडची. थोडी."

"हं," म्हणाला आणि गेला.

दोन दिवसांनी दार वाजलं. छापखानेवाले जिना चढून धापा टाकत उभे होते, काखेत नकाशाची गुंडाळी. रफूताईंनी त्यांना खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं आणि स्वतः पलंगाच्या कडेला टेकल्या. जागा तीच होती, भिंतही तीच, उजेडही तोच. पण थोड्या दिवसांपूर्वी त्यांच्या दारात या उभ्या होत्या, आणि आता ते यांच्या दारात आले होते. एका कागदाने एवढंच केलं होतं: कोणी कोणाकडे विचारायला जायचं, ते ठरवलं होतं.

"आता तुम्ही नाही म्हणालात तर मला एकच मजला बांधता येईल," ते म्हणाले. "तुमचा अधिकार आहे. पण मी विचारायला आलोय."

रफूताईंना क्षणभर वाटलं, म्हणून टाकावं नाही. कोणाला तरी नाही म्हणायची पाळी आयुष्यात कितीदा आली होती? पण त्यांच्या डोळ्यांपुढे घरी परत आलेली ती मुलगी आली. तिला कधी बघितलंही नव्हतं.

"वरचे मजले चार पावलं मागे घ्या," त्या म्हणाल्या. "माझ्या बाजूची भिंत पांढरी रंगवा. आणि दर दोन वर्षांनी पुन्हा रंगवा."

"हे तर तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणाला होतात."

"हो. तेव्हा तुम्ही हसला होतात."

ते ओशाळले. नकाशावर पेन्सिलीने त्यांनी तिथेच रेघ मागे सरकवली. बाइंडिंगचं टेबल लांबट न करता चौकोनी करायचं, असं काहीसं पुटपुटले. मग म्हणाले, "बांधकामाचे बांबू लागतील तेव्हा सात-आठ आठवडे खिडकी झाकली जाईल. तेवढे दिवस माझ्याकडे येऊन बसा. दर्शनी खिडकीशी टेबल टाकून देतो."

जाताना ते दारात थबकले. रफूताईंनीच विचारलं, "तेव्हा नऊ दिवस दिसले नाही, तर आला का नाहीत?"

"यावंसं वाटलं होतं," ते म्हणाले. "पण ओळख नव्हती ना."

ते सात आठवडे रफूताईंच्या आयुष्यात वेगळेच निघाले. यंत्रांच्या खडखडाटात आपलाच आवाज ऐकू येत नसे, तरी सगळे ओरडून-ओरडून बोलत. लग्नपत्रिका न्यायला आलेली माणसं त्यांच्या टेबलाशी वाकून बघत आणि "भोक होतं कुठे?" म्हणून विचारत. चहा दोनदा यायचा आणि त्यांच्या नावाचा पेला वेगळा मोजला जायचा. छापखानेवाल्यांची मुलगी तिशीची होती, मान खाली घालून पानांच्या घड्या घालायची. बोलायची फार कमी. पण एकदा तिने रफूताईंच्या हातातली सुई मागून घेतली, चार टाके घालून बघितले आणि म्हणाली, "हे बाइंडिंगपेक्षा अवघड आहे हो, मावशी." मावशी म्हणून हाक मारणारं कोणी त्यांना आजवर भेटलं नव्हतं. त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी तो शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघितला.

भिंत उभी राहिली, चार पावलं मागे आणि पांढरी. बांबू उतरले आणि रफूताई आपल्या टेबलाशी परत आल्या. उजेड पहिल्यासारखा नव्हता. थोडा फिका, थोडा खालून येणारा. पण काळा आणि निळा त्यात वेगळे दिसत होते. तक्रारीला जागा नव्हती.

वरच्या मजल्याच्या खिडकीत आता ती मुलगी बसायची, बरोबर समोर. पहिल्या दिवशी दोघींनी एकमेकींना हात केला. दुसऱ्या दिवशीही केला. टाका पूर्ण झाला की रफूताई मान वर करायच्या. ती वाकून काम करत असायची, तरी त्यांना बरं वाटायचं. हळूहळू त्या टाका अर्धा असतानाही मान वर करू लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात समोरच्या खिडकीला पडदा लागला.

छापखानेवाले रस्त्यात भेटले आणि शाईची बोटं पुसत उभे राहिले. "तिला... कोणीतरी सारखं बघतंय असं वाटतं हो. वाईट वाटून घेऊ नका. तिच्यावर बरंच काही गुदरलं आहे."

"त्यात वाईट काय वाटायचं?" रफूताई म्हणाल्या. "खिडकी तिची आहे."

आणि त्यांना खरोखरच रागावता येईना. आपण आपल्या टेबलाशी बसून नुसतं बघत होतो, कोणाच्या हद्दीत पाऊल ठेवलं नव्हतं. पण आपली नजर पलीकडे त्या मुलीच्या टेबलावर पडत होती आणि ओझं तिला होत होतं. तिने कचेरीत न जाता चार हात कापडावर भागवलं. घर आवरता-आवरता रफूताईंना कळलं, की उजेड अडवता येणार नाही असा कागद आपल्या पेटीत आहे, पण समोर माणूस दिसावं असा कागद कुठल्याच कचेरीत मिळत नाही.

पुढच्या सुटीच्या वारी त्या बसमध्ये बसल्या. या खेपेला काही काम नव्हतं. जाऊन काय बोलायचं ते दोन तास ठरवत होत्या, आणि ठरलं एवढंच, की आईने दादाला काय सांगितलं होतं ते पुन्हा एकदा नीट विचारायचं, शब्दन् शब्द.

दादाच्या दाराला कुलूप होतं. अंगणातली सालपटं झाडून एका कोपऱ्यात लावलेली. शेजारीण कपडे वाळत घालत होती. "ती दोघं मुलाकडे गेली आहेत. सुनेचे दिवस भरत आलेत. महिना-दीड महिना तरी यायची नाहीत. तुम्ही कोण?"

"बहीण," रफूताई म्हणाल्या.

"अगंबाई. त्यांना बहीण आहे होय?"

रफूताई ओट्यावर जरा बसल्या. मग पिशवीतून लाँड्रीच्या चिठ्ठ्यांचं बंडल काढलं, एका कोऱ्या चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं, 'येऊन गेले.' वाचून बघितलं. दादाला अक्षर ओळखू येईल की नाही याची खात्री वाटेना, म्हणून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'वहिनीचं काही फाटलेलं असेल तर टाकू नका, ठेवा.' चिठ्ठी दाराखालून आत सरकवली. ती पुरती आत गेली की नाही ते वाकून बघितलं, बोटाने आणखी जराशी ढकलली, आणि त्या बसथांब्याकडे चालू लागल्या.